प्रमाणवेळ आणि लोकजीवन : मॉरिशस व साओ टोमे-प्रिन्सिपे या द्वीपराष्ट्रांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

देशाची प्रमाणवेळ रेखांशावरून आपोआप ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः रेखांश केवळ मर्यादा घालून देतो. त्या मर्यादेत कोणती वेळ स्वीकारावयाची हा निर्णय शासन घेते आणि त्याचा भार पहाटे कामावर निघणाऱ्यांवर पडतो. आफ्रिकेतील दोन द्वीपराष्ट्रांनी एकविसाव्या शतकात घड्याळ एक तास पुढे नेले आणि अल्पावधीतच ते पूर्ववत केले. या दोन प्रयोगांची तुलना येथे केली आहे.

मॉरिशस

मॉरिशस सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर व साडेसत्तावन्न अंश पूर्व रेखांशावर आहे. सूर्याच्या हिशेबाने तेथील वेळ ग्रीनिचच्या ३ तास ५० मिनिटे पुढे असावयास हवी. प्रत्यक्ष प्रमाणवेळ ४ तास पुढे आहे. हे अंतर नगण्य होय. डिसेंबरात दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर जूनमध्ये अकरा तासांहून किंचित कमी असतो. म्हणजे उन्हाळ्यात प्रकाशाची थोडी शिल्लक असते. ती सायंकाळकडे वळवून विजेची बचत साधावी, या हेतूने २६ ऑक्टोबर २००८ ते २९ मार्च २००९ या काळात घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. (असाच प्रयोग १९८२-८३ मध्येही झाला होता.) डिसेंबरातील साडेपाचचा सूर्योदय साडेसहाला गेला, हे सुसह्य होते, परंतु मार्चअखेर तो सव्वासातपर्यंत लांबला. पुढील वर्षी प्रयोगाची पुनरावृत्ती झाली नाही.

या बेटावर वेळ आणि मजुरी यांचे नाते जुने आहे. १८३४ पासून ऊसमळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले. त्यांत मराठी भाषकही होते व त्यांचे वंशज आज तेथे एक स्वतंत्र समाजगट म्हणून ओळखले जातात. मजूर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत मळ्यांवर रूढ होती. मळेवाल्याचा दिवस आणि मजुराचा दिवस सारखा कधीच नव्हता.

साओ टोमे व प्रिन्सिपे

गिनीच्या आखातातील हे राष्ट्र जवळजवळ विषुववृत्तावरच वसले आहे. वर्षभर दिवस बारा तासांचा. ऋतूनुसार शिल्लक अशी नाहीच. त्यामुळे येथे घड्याळ पुढे करणे म्हणजे सकाळचा एक तास काढून सायंकाळला देणे, एवढेच.

राजधानी साओ टोमेचा रेखांश पावणेसात अंश पूर्व आहे. सूर्याची वेळ ग्रीनिचच्या २७ मिनिटे पुढे, आणि पश्चिम आफ्रिकेच्या वेळेच्या ३३ मिनिटे मागे. दोहोंत फरक सहा मिनिटांचा! खगोलशास्त्र येथे जवळपास तटस्थ आहे. निवड सर्वस्वी मानवी आहे. पोर्तुगीज अमलात १९१२ पासून तेथे ग्रीनिच वेळ लागू झाली. १ जानेवारी २०१८ रोजी पात्रिस त्रोवोआदा यांच्या शासनाने घड्याळ एक तास पुढे नेले. ऑक्टोबर २०१८ च्या निवडणुकीनंतर सत्तांतर झाले आणि १ जानेवारी २०१९ रोजी जुनी वेळ परत आली.

ग्रीनिच वेळेनुसार तेथे सूर्य साधारण सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान उगवतो व सायंकाळी सहापूर्वीच मावळतो. ज्यांचे काम कार्यालयात आहे त्यांना ही सायंकाळ अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. मासेमारी करणाऱ्याचे मात्र घड्याळाशी फारसे देणेघेणे नसते. अडचण होते ती दोन्ही वेळा सांभाळणाऱ्यांची : मुलांना शाळेत पोहोचवून बाजार गाठणाऱ्या स्त्रीची.

‘लेव्ह-लेव्ह’, म्हणजे सावकाश, बेताने, हा तेथील परवलीचा शब्द. पर्यटनविषयक लेखनात तो लोकांच्या संथ स्वभावाचा पुरावा म्हणून वापरला जातो. हे मत स्वीकारणे कठीण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही बेटे कोकोच्या उत्पादनात अग्रेसर होती आणि ‘रोसा’ नावाच्या मळ्यांवर अंगोला, केप व्हर्दे येथून आणलेल्या करारबद्ध मजुरांचा दिवस घंटेच्या ठोक्याने सुरू होई. त्या राबणुकीची कुप्रसिद्धी एवढी होती की, १९०९ मध्ये ब्रिटनमधील कॅडबरी कंपनीने तेथील कोकोची खरेदी थांबविली. अशा इतिहासातून आलेल्या समाजाने घाईला नकार देणे यास आळस म्हणता येणार नाही.

शेजारच्या देशांशी व्यवहाराचा प्रश्न मात्र २०१९ नंतरही शिल्लक राहिला आहे. गॅबनची राजधानी लिब्रव्हिल साओ टोमेपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. तेथील घड्याळ एक तास पुढे असते. सूर्य मात्र केवळ अकरा मिनिटे आधी माथ्यावर येतो.