पाहुणचाराची पदवी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी बैठक बसली. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. भाचीला मार्क चांगले होते आणि तिनं जाहीर करून टाकलं होतं, की मी गोव्याला जाऊन हॉटेल मॅनेजमेंट शिकणार. बहीण म्हणाली, ‘‘स्वयंपाक शिकायला तीन वर्षं आणि एवढी फी? मी घरात फुकट शिकवते.’’ एक चुलते म्हणाले, ‘‘मुलीच्या जातीनं हॉटेलात राबायचं?’’ भाचीचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘अठरा वर्षं मी मस्कतच्या एका हॉटेलात चादरी धुतल्या, इस्त्री केल्या. कशासाठी? हिनं पुन्हा त्याच चादरी अंथराव्यात म्हणून?’’

त्यावर कुणाला काही बोलता येईना. सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात जुना बीए मी एकटाच. पण माणूस कवी. हॉटेलशी माझा संबंध कवीसंमेलनानंतरच्या चहापुरता. मी म्हणालो, ‘‘आधी जाऊन बघून तर येऊ.’’ त्या भेटीत आणि पुढच्या तीन वर्षांत मला जे कळलं, ते तुम्हाला सांगावं म्हणून आज बोलतो आहे. तुमच्याही घरात अशी बैठक केव्हा तरी बसेल.

पहिला प्रश्न, गोवाच का? गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२४ या एका वर्षात तिथं आलेले प्रवासी एक कोटीच्या घरात होते. म्हणजे घरात माणसं दोन आणि वर्षभरात पाहुणे चौदा! अशा ठिकाणी पाहुणचार हा उद्योगच होणार, आणि उद्योग म्हटला की त्याचं शिक्षण आलं. जगातली सर्वांत जुनी हॉटेल-शाळा १८९३ साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान गावी, सरोवराकाठच्या एका हॉटेलात सुरू झाली, तीही अशाच कारणानं. प्रवाशांची रीघ लागली होती आणि तयार माणसं कमी पडत होती. आपल्याकडे सुरुवात वेगळ्या कारणानं झाली. देशात धान्याची टंचाई असण्याचा तो काळ. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं महिलांच्या अन्न परिषदेनं १९५४ साली मुंबईत संस्था काढली, तिच्या नावात ‘केटरिंग टेक्नॉलॉजी’च्या जोडीला ‘अप्लाइड न्यूट्रिशन’, म्हणजे पोषणाचं शास्त्रही होतं. दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था ती हीच. गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झालं. त्याच्याशी संलग्न अशा एका संस्थेत माझ्या भाचीनं प्रवेश घेतला.

अभ्यासक्रमाचे चार खांब असतात : स्वयंपाकघर, वाढप, स्वागतकक्ष आणि हाऊसकीपिंग, म्हणजे खोल्यांची निगा. विद्यार्थ्याला पुढे काहीही व्हायचं असो, आधी चारही शिकावे लागतात.

स्वयंपाकघरात मला वाटलं होतं पदार्थ शिकवत असतील. पहिले काही आठवडे शिकवली ती सुरी. कांदा एकाच मापाचा का चिरायचा? तुकडे लहानमोठे असले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. फळ्या रंगांच्या : कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळी, भाजीला हिरवी. लाल फळीवर कोशिंबीर चिरली तर पाहुणा दवाखान्यात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून गार अन्न पाचाच्या खाली आणि गरम अन्न साठाच्या वर ठेवायचं. माझी बहीण हे ऐकून म्हणाली, ‘‘म्हणूनच मी उरलेली आमटी उकळून ठेवते.’’ बरोबर आहे. फरक इतकाच, की ती चौघांसाठी अंदाजानं करते आणि भाचीला चारशे माणसांसाठी रोज, न चुकता आणि नोंद ठेवून करायचं आहे. घरच्या पाहुणचारात एखादे दिवशी मीठ जास्त पडलं तर पाहुणा हसून खातो. पैसे मोजलेला पाहुणा हसत नाही.

स्वागतकक्ष म्हणजे हसतमुखानं किल्ली देणं, अशीही माझी समजूत होती. भाचीनं मला एक गणित घातलं. ‘‘मामू, शंभर खोल्यांचं हॉटेल आहे. एका रात्री चार हजार भावानं साठ खोल्या गेल्या. दुसऱ्या रात्री तीन हजारानं ऐंशी गेल्या. कुठली रात्र चांगली?’’ मी म्हणालो, ऐंशीची. ती म्हणाली, ‘‘दोन्हीकडे जमा दोन लाख चाळीस हजारच. पण दुसऱ्या रात्री वीस खोल्यांची धुलाई, साबण आणि वीज जास्त गेली.’’ आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, आजची रात्र गेली ती गेलीच. माझी आज न छापलेली कविता पुढच्या वर्षी तरी छापून येऊ शकते, हॉटेलच्या धंद्यात तेवढीही सवड नाही. गोव्यात तर साधारण ऑक्टोबर ते मार्च हा भराचा हंगाम. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात. सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिने कसे काढायचे, हे तिथं डोळ्यांसमोर दिसतं. भर शहरातल्या वर्गात ते नुसतं फळ्यावर दिसेल.

वाढपाच्या विषयात आमच्या घरची खरी अडचण होती. गोव्यात वाइन आणि डुकराचं मांस टाळून हा अभ्यास होत नाही. ‘विंदालू’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतल्या वाइन आणि लसूण या शब्दांवरून आलेला. भाचीनं हे घरापासून लपवलं नाही. तिच्या शिक्षकांनी चव घेण्याची सक्ती केली नाही. पण कुठली वाइन कुठल्या द्राक्षाची, किती गार द्यायची, कुठल्या पदार्थाबरोबर द्यायची, हे तिला पाठ करावं लागलं आणि बाटली उघडून वाढावीही लागली. बहिणीला ते जड गेलं. अजूनही जातं. भाचीचं म्हणणं, ‘‘मी पीत नाही, खात नाही, हे माझं. समोरच्याचं ताट त्याचं.’’ तिचं उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं याच कारणानं शिक्षण सोडलं, मी त्यालाही चूक म्हणत नाही. एवढंच सांगतो, की प्रवेश घेण्याआधी हे घरात उघडपणे बोलून घ्यावं आणि संस्थेलाही विचारून घ्यावं. तसंच शाकाहारी घरांनीही.

मग आलं प्रत्यक्ष हॉटेलातलं प्रशिक्षण. काही महिने, दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास, हातात विद्यावेतन नावापुरतं. एकदा एका पाहुण्यानं चहा गार आहे म्हणून तिला सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावलं. चहा उशिरा पाठवला होता स्वयंपाकघरानं, पण माफी हिनं मागितली. घरी फोनवर हे ऐकून मेहुणे संतापले, ‘‘चूक तुझी नसताना माफी?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, त्याला त्रास झाला त्याबद्दल माफी मागायची. आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही, चूक दुरुस्त करायची आणि थोड्या वेळानं जाऊन पुन्हा विचारायचं. पण कुणी घाणेरडं बोललं किंवा हात लावला, तर तिथं माफी नाही. तिथं तक्रार.’’ कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. मुलीला हॉटेलात पाठवणाऱ्या पालकांनी फीबरोबर याचीही चौकशी करावी. सेवा करणं आणि लाचारी पत्करणं यांत फरक आहे आणि तो पहिल्या वर्षीच शिकवला गेला पाहिजे.

या शिक्षणाचं सगळंच गोड आहे, असं मी म्हणणार नाही. पदवी घेतली तरी पहिली नोकरी तळापासूनच असते आणि पगार फीच्या मानानं थोडा. सणासुदीला सगळं जग सुट्टीवर आणि हे कामावर. २०२० साली करोनात हॉटेलं बंद पडली तेव्हा या धंद्यातले कितीतरी लोक रातोरात घरी बसले. पर्यटनाचा भारही त्या भूमीवरच पडतो : पाणी, कचरा, जमिनीचे भाव. कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा प्रकल्प साळगावला २०१६ साली सुरू झाला. रोज हॉटेलांतून निघणारं उष्टं आणि बाटल्या पाहिल्या की तो का लागला ते कळतं. पण याच कारणासाठी मला वाटतं, की पर्यटनाच्या मुलखातल्या मुलांनी हा विषय शिकावा. पाहुणे तर येणारच आहेत. आपल्या गावात आपण नुसते हमाल आणि वाढपी म्हणून उभे राहायचं, की हिशेब, भाव आणि नियम समजणारे यजमान म्हणून, एवढाच प्रश्न आहे. ‘हॉटेल’, ‘हॉस्टेल’, ‘हॉस्पिटल’ हे सगळे शब्द ज्या लॅटिन शब्दाच्या कुळातले, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही.

शेवटच्या वर्षी संस्थेत पालकांना बोलावलं होतं. मेहुणे नको म्हणत होते, मी ओढून नेलं. सरावाच्या खोलीत भाचीनं पलंग लावून दाखवला. मग ती सांगू लागली, की प्रत्येक पलंगामागे चादरींचे किमान तीन जोड लागतात : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. मोठी हॉटेलं चार-पाचही ठेवतात. याला म्हणतात पार स्टॉक. मेहुणे पुढे झाले, चादरीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, ‘‘धुतलेली चादर लगेच अंथरू नये, हे शिकवलं का? एक दिवस कपाटात आराम द्यायचा. नाही तर लवकर विरते.’’ शिक्षिका म्हणाल्या, ‘‘हे आमच्या पुस्तकात आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?’’ मेहुणे म्हणाले, ‘‘कुणी नाही. अठरा वर्षांत कळलं.’’ मग त्यांनी कोपऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घालून दाखवली, पाकिटाच्या तोंडासारखी. पोरं भोवती गोळा झाली. मस्कतला त्यांना ‘लाँड्रीवाला’ यापलीकडे कुणी नाव दिलं नव्हतं.

भाची आता गोव्यातच नोकरी करते. पण तिच्या डोक्यात आमचं खाडीकाठचं जुनं घर आहे. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहरी योजना आहे, तिच्यात नोंदणी करून घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या. शेजारचा सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिकडे जाणारे प्रवासी आपल्याकडे एक रात्र का थांबू नयेत, असा तिचा सवाल. मागच्या ईदला ती घरी आली तेव्हा वही काढून बसली होती. दोन खोल्या, चार पलंग, तीन जोडांच्या हिशेबानं बारा चादरी.

मेहुणे चहा पीत होते. वहीत डोकावून म्हणाले, ‘‘वीस घे. कोकणातल्या पावसात चादर चार दिवस वाळत नाही.’’

तिनं बारा खोडून वीस लिहिले.