समुद्रावरचे युद्ध – लेखांक ७ : ताफ्याचे गणित

मागच्या लेखांकात आपण पाणबुडीची रचना पाहिली आणि तिच्या मर्यादाही पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर डिझेल इंजिनाच्या जोरावर ताशी १७ सागरी मैल धावे. पाण्याखाली गेली की सगळी भिस्त बॅटरीवर, आणि वेग निम्म्याहूनही कमी. तोही थोडाच वेळ टिके. म्हणून शिकार शोधणे, पाठलाग करणे, रात्री हल्ला चढवणे ही कामे ती शक्यतो पृष्ठभागावरूनच करी आणि जीव वाचवायला बुडी मारी. आजचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. कोळसा, गहू, तेल किंवा माणसे घेऊन निघालेल्या मालवाहू जहाजाने अशा शत्रूपासून वाचायचे कसे?

उत्तर आहे एकत्र जाण्याचे. तीस-चाळीस जहाजांचा ताफा करायचा, भोवती काही युद्धनौका ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकाच वेगाने चालायचे. ऐकायला साधे असले तरी हे उत्तर दोन महायुद्धांत दोन बलाढ्य नौदलांना वेळेवर पटले नाही. त्या उशिराची किंमत खलाशांनी आणि प्रवाशांनी मोजली.

एका चुकीच्या आकड्याची गोष्ट

जर्मनीने फेब्रुवारी १९१७ पासून इशारा न देता जहाजे बुडवण्याचे धोरण लागू केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दोस्त आणि तटस्थ राष्ट्रांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. ब्रिटनची अन्नधान्याची भिस्त समुद्रावर होती. हा वेग टिकला असता तर काही महिन्यांत देशाला शरण जावे लागले असते.

तरीही ब्रिटिश नौदलाचे मुख्यालय, म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, ताफ्याला तयार नव्हती. तिचे आक्षेप वरवर पाहता रास्त होते. ताफा म्हणजे शत्रूसाठी मोठे लक्ष्य. सगळ्यांना सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने चालावे लागणार. व्यापारी कप्तानांना अंधारात रांग धरून जहाज हाकता येणार नाही. बंदरात एकदम चाळीस जहाजे आली की धक्क्यांवर कोंडी होणार. पण सगळ्यांत वजनदार आक्षेप आकड्यांचा होता. दर आठवड्याला ब्रिटिश बंदरांत सुमारे २,५०० जहाजे येतात आणि तेवढीच सुटतात. एवढ्यांना संरक्षण द्यायला विनाशिका आणायच्या कुठून?

रेजिनाल्ड हेंडरसन या नौदल अधिकाऱ्याने जहाज वाहतूक खात्याकडून मूळ नोंदी मागवल्या आणि हा आक्षेप कोसळला. त्या अडीच हजारांत किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणारी लहानसहान गलबतेही मोजलेली होती. महासागर ओलांडून येणारी मोठी जहाजे आठवड्याला फक्त १२० ते १४० होती. एवढ्यांना सोबत देणे शक्य होते. १० मे १९१७ रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक ताफा निघाला आणि सुखरूप पोहोचला. युद्ध संपेपर्यंत महासागरी ताफ्यांतून गेलेल्या जहाजांपैकी शंभरात एकही पुरते बुडाले नाही.

मोठे लक्ष्य, पण सापडायला अवघड

मोठे लक्ष्य सुरक्षित कसे, हा प्रश्न वाचकांना पडला असेल. महासागराच्या मोजमापाने पाहिले की उत्तर मिळते. एकट्या जहाजाचा धूर स्वच्छ हवेत दहा-बारा सागरी मैलांवरून दिसतो असे धरा. चाळीस जहाजांच्या ताफ्याची रुंदी चार-पाच सागरी मैल भरते. म्हणजे तो ताफा एकट्या जहाजापेक्षा थोड्याच अधिक अंतरावरून दिसेल. हीच चाळीस जहाजे सुटी सोडली तर दबा धरलेल्या पाणबुडीच्या टप्प्यात यायला चाळीस वेगवेगळ्या संधी निर्माण होतात. ताफा केला की उरते जवळजवळ एकच. तो निसटला की पाणबुडीपुढे कित्येक दिवस नुसते पाणी.

समजा ताफा दिसला. तरी पाणबुडीच्या पुढच्या बाजूला पाणतीर सोडणाऱ्या नळ्या चार आणि पोटात एकूण पाणतीर चौदा. पहिला स्फोट होताच रक्षक नौका मागे लागतात, बुडी मारावी लागते आणि ताफा पुढे निघून जातो. एका हल्ल्यात पाणबुडी किती जहाजे बुडवू शकते याला तिच्याच बाजूने मर्यादा आहे. ताफ्यात वीस जहाजे असोत की साठ.

दुसऱ्या महायुद्धात ही गोष्ट आकडेवारीने सिद्ध केली ती पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने. ब्लॅकेट यांना पुढे १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या गटाने १९४१-४२ मधल्या ताफ्यांच्या नोंदी तपासल्या. सरासरी ३२ जहाजांच्या ताफ्यांत नुकसान अडीच टक्के होते, तर सरासरी ५४ जहाजांच्या ताफ्यांत सुमारे १.१ टक्के. कारण भूमितीचे आहे. शेत दुप्पट झाले म्हणून कुंपण दुप्पट लागत नाही, साधारण १.४ पट पुरते. तसेच जहाजे दुप्पट केली तरी राखायचा परीघ दुप्पट होत नाही. तेवढ्याच रक्षक नौका कमी, पण मोठ्या ताफ्यांत वाटल्या तर प्रत्येक ताफ्याभोवतीचे कडे दाट होते. तोवर ताफे लहान ठेवण्याकडेच अ‍ॅडमिरल्टीचा कल होता. १९४३ मध्ये धोरण बदलले. १९४४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘एचएक्स ३००’ या ताफ्यात १६० हून अधिक जहाजे होती. पाणबुड्यांनी त्यांतले एकही बुडवले नाही.

जिथे ताफा नव्हता, जिथे ताफा अपुरा पडला

जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ यालाही हे गणित कळत होते. त्याने ताफ्याला टोळीने उत्तर दिले. पाणबुड्यांची लांब रांग वाटेत पसरायची, जिला ताफा दिसेल तिने मागावर राहून रेडिओने बाकीच्यांना बोलवायचे आणि रात्री सगळ्यांनी मिळून पृष्ठभागावरून तुटून पडायचे. ध्वनिलहरींनी पाण्याखालचा शत्रू शोधणारे ब्रिटिशांचे अ‍ॅस्डिक यंत्र पृष्ठभागावरच्या पाणबुडीपुढे निरुपयोगी ठरे. ऑक्टोबर १९४० मध्ये ‘एससी ७’ ताफ्यातल्या ३५ पैकी २० जहाजे अशी गेली. म्हणून ताफा एकटा पुरेसा नव्हता. त्याला पुरेशा आणि सरावलेल्या रक्षक नौका, आखूड तरंगलांबीचे रडार, रेडिओ संदेशाची दिशा टिपणारी यंत्रे आणि लांब पल्ल्याची विमाने लागली. हे सगळे एकत्र आले तेव्हा पारडे फिरले. मार्च १९४३ मध्ये एकमेकांलगतच्या दोन ताफ्यांतून २२ जहाजे बुडाली होती; त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मे रोजी डोनिट्झला उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली.

ताफा नसला तर काय होते, हे अमेरिकेने १९४२ च्या पूर्वार्धात अनुभवले. पूर्व किनाऱ्यावर जहाजे एकेकटी जात होती आणि किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे झगमगत होते. त्या उजेडापुढे उठून दिसणारी तेलवाहू जहाजे पाणबुड्यांनी एकामागून एक टिपली. मे महिन्यात किनारी ताफे सुरू झाल्यावर तिथले नुकसान झपाट्याने उतरले.

हिंदी महासागरात तर बहुतेक जहाजांना सोबत मिळतच नव्हती. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून मोम्बासाकडे निघाले. जहाजावर ९५८ माणसे होती. प्रवासी बहुतांश भारतीय होते. २३ तारखेच्या पहाटेपूर्वी ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा पाणतीर त्याला लागला. जहाज लगेच बुडाले नाही, म्हणून काही माणसे होड्यांतून परत वर चढू लागली. तेवढ्यात दुसरा पाणतीर आला. २८० जीव गेले. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका आणि ‘कार्थेज’ हे जहाज यांनी उचलून घेतले.

हिशेबाबाहेरची माणसे

युद्धाच्या काळात टनांचे आकडे छापले जात. त्या टनांमागे कोण होते, हे आपण मराठी वाचकांनी तरी विसरू नये. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या साधारण चार माणसांतला एक आशियाई असे, आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय. रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर, गोव्याचे लोक जेवणघरात आणि प्रवाशांच्या सेवेत, पंजाब आणि सिल्हेटचे आगवाले बॉयलरपुढे. इंजिनघर पाण्याच्या पातळीखाली असे. पाणतीर तिथे लागला तर शिडीपर्यंत पोहोचायलाही अवधी मिळत नसे. आणि पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी संप केले. कित्येकांना तुरुंगात टाकले गेले, पण अखेर वेतनवाढ द्यावीच लागली.

‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज ब्रिटिश मुलांना सुरक्षिततेसाठी कॅनडाला नेत होते. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ते बुडाले, तेव्हा ते ताफ्यातच होते. पण रक्षक नौका त्याआधीच दुसऱ्या ताफ्याला आणायला निघून गेल्या होत्या. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. या मुलांचे दुःख ब्रिटनमध्ये आजही आठवले जाते. त्याच रात्री आणि पुढच्या थंडीत त्या जहाजावरचे शंभराच्या आसपास भारतीय खलाशी मेले, त्यांची आठवण क्वचितच निघते. एक होडी आठ दिवस भरकटून सापडली, तिच्यातही बहुसंख्य भारतीयच होते.

लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर व्यापारी खलाशांची नावे कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांपैकी सुमारे सहा हजारांची नावे मात्र एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि दुसरी चितगावला ठेवली आहे. गोव्यात आणि कोकणातल्या अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या जहाजावरच्या नोकरीची पुस्तके, प्रमाणपत्रे, आगबोट कंपनीची पत्रे अजून ट्रंकेत असतील. वाचकांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, त्यावरची जहाजांची नावे आणि तारखा घरातल्या पुढच्या पिढीला सांगा. या माणसांचा इतिहास लिहायचा तर तो या कागदांवरूनच लिहिता येईल.