पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

सारी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली आणि आज हा माणूस लॉगिनवर बोलणार, म्हणून मागच्या रांगेत हसू फुटलंय. हसा. पण मध्यंतरी इथल्याच एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांच्या संस्थेच्या पाच-सहा शाळांच्या वेबसाइट एकाच वर्डप्रेस जाळ्यावर आहेत. प्रत्येक शाळेला डोमेन मात्र स्वतंत्र. "सर, चार वेळा पासवर्ड बदलला. बटण दाबलं की परत तेच लॉगिनचं पान. माझंच काहीतरी चुकतंय." दहावीच्या मुलांच्या सूचना दोन दिवस अडकल्या होत्या. बाईंचं काहीही चुकत नव्हतं. कसं, ते पाहू.

न्यायदर्शनात प्रत्यभिज्ञेची चर्चा येते. "हा तोच देवदत्त" असं म्हणायला दोन गोष्टी लागतात : समोर दिसणारा माणूस आणि पूर्वीच्या भेटीचा संस्कार. वेबचा सर्व्हर स्वभावतः विसराळू. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की तुम्ही त्याला अनोळखी. तो संस्कार जपायची युक्ती १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी काढली. तीच कुकी. पासवर्ड जुळला की सर्व्हर कुकी देतो, ब्राउझर ती सांभाळतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर दाखवतो.

आता गोम इथे आहे. कुकी डोमेनला बांधलेली असते. म्हसवडच्या वाचनालयाचं कार्ड दहिवडीच्या वाचनालयात चालत नाही, तसंच. शाळेच्या डोमेनवर लॉगिन केलं आणि सर्व्हरने कुकीवर मुख्य डोमेनचं नाव घातलं, तर ब्राउझर ती स्वीकारतच नाही. पासवर्ड पटला, पण खूण उरली नाही. म्हणून परत तेच पान. अशा वेळी पासवर्ड शंभरदा बदलून उपयोग काय?

तेव्हा आधी लक्षण नीट बघा. पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश आला, तर दोष पासवर्डचा. काही न सांगता लॉगिनचं पान परत आलं, किंवा कुकी अडवल्याची तक्रार आली, तर संशय कुकीवर. आत गेलात, पण "परवानगी नाही" म्हटलं, तर प्रश्न अधिकाराचा. जाळ्यात वापरकर्त्यांची यादी एकच असते, पण प्रत्येक साइटवरची भूमिका वेगळी द्यावी लागते. ओळख पटणं आणि अधिकार असणं या दोन गोष्टी आहेत, बरं का!

संशय कुकीवर असेल, तर क्रमाने जा. खासगी खिडकीत उघडून बघा. तिथे चाललं तर त्या साइटच्या जुन्या कुकी पुसा. मग पत्ता तपासा : एकीकडे 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू' आणि दुसरीकडे नाही, एकीकडे एचटीटीपी आणि दुसरीकडे एचटीटीपीएस, असं नको. प्रत्येक डोमेनला वैध प्रमाणपत्र हवं. पुढचं काम साइट सांभाळणाऱ्याचं. २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून स्वतंत्र डोमेन जोडायची सोय वर्डप्रेसमध्येच आहे. त्याआधीच्या प्लगइनची 'सनराइज' फाइल मागे राहिली असेल, तर ती गोंधळ घालू शकते. शेवटी कॉन्फिग फाइल. तिथे 'कुकी डोमेन' म्हणून मुख्य डोमेन पक्कं लिहिलेलं असेल, तर फाइलची प्रत ठेवून ती ओळ काढावी. बाईंच्या बाबतीत हीच एक ओळ निघाली.

आणखी एक. एका शाळेच्या साइटवर लॉगिन केलं म्हणून दुसरीवर आपोआप होत नाही. हा बिघाड नाही, नियमच आहे. परक्या साइटने आपला माग काढू नये म्हणून ब्राउझर हल्ली अधिकच कडक झालेत. सफारीने २०२० पासून तिऱ्हाईत कुकी सरसकट अडवल्या आहेत.

बाई जाताना म्हणाल्या, "म्हणजे मी वेंधळी नव्हते!" नव्हतातच. यंत्र गप्प बसलं की माणूस दोष स्वतःकडे घेतो. तो घेण्याआधी एवढं विचारा : मला ओळखलं नाही, की ओळखून विसरले?