परसातील कोंबड्या : खुराडे आणि अंगण

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वेदान्त किंवा अर्थकारण या विषयांवर ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याचा विषय पाहून प्रथम थोडे हसू येईल. त्याचे आम्हांस वाईट वाटणार नाही. परंतु घरामागे चार हात मोकळी जागा असलेली आणि अंडे वर्ज्य नसलेली कितीतरी कुटुंबे आपल्या गावांतून आहेत. पाच-सहा कोंबड्या पाळाव्यात असे त्यांच्या मनात अनेकदा येते. मग खर्चाच्या विचाराने बेत मागे पडतो, किंवा घाईने एखादे खोके उभे केले जाते आणि दोन-तीन महिन्यांत कोंबड्या मरून बेत कायमचा संपतो. ही दोन्ही टोके टाळता येतात, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आमच्या आजोळी कोंबड्यांचे खुराडे घराच्या मागील भिंतीला लागून होते. दगडमातीचे, बुटके, वीतभर दाराचे आणि आत अंधार. दिवेलागणीला कोंबड्या आपोआप आत जात, आजी दारापुढे पाटा लावी आणि पहाटे काढी. या खुराड्याला ना खिडकी ना झरोका, तरी त्यात कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. म्हणून आम्हीही शहरात आल्यावर तसेच खुराडे केले. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, वर जुना पत्रा, दाराला भक्कम कडी आणि हवेसाठी चार भोके. त्यात चार तलंगा ठेवल्या. सकाळी त्या परसात सोडाव्यात आणि सायंकाळी कोंडाव्यात, असा क्रम होता.

वैशाखात एके दिवशी परसात मुंगूस दिसले. त्याच दिवशी आम्हांस परगावी लग्नाला जावयाचे होते. कोंबड्या सुरक्षित राहाव्यात म्हणून आम्ही त्या दिवसभर खुराड्यात कोंडून गेलो. सायंकाळी परत येऊन दार उघडले तेव्हा दोघी मेलेल्या होत्या आणि उरलेल्या दोघी चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकीत होत्या. मुंगसाने त्यांना स्पर्शही केला नव्हता. कडी शाबूत होती. आम्हीच त्यांना मारले होते.

त्या दोन कोंबड्यांनी आम्हांस जे शिकविले ते असे. आजोळचे खुराडे हे कोंबड्यांचे घर नव्हतेच. ते केवळ रात्रीचे अंथरूण होते. त्यांचे खरे घर म्हणजे सारे अंगण, उकिरडा, गोठा आणि कुंपणापलीकडची झाडी. ऊन झाले की त्या आपणहून सावलीत जात, माती उकरीत, धुळीत लोळत. शहरात आपण ते घर काढून घेतो आणि अंथरुणालाच घर म्हणू लागतो. म्हणून शहरात कोंबड्या पाळावयाच्या तर दोन वेगळ्या गोष्टी बांधाव्या लागतात. एक रात्रीचे खुराडे आणि दुसरे दिवसाचे जाळीबंद अंगण. पैसे वाचविण्यासाठी दोहोंचे काम एकाच खोक्याकडून करून घेण्याचा मोह होतो, आणि बहुतेक नुकसान तेथूनच सुरू होते.

कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान मुळातच १०६ ते १०७ अंश फॅरेनहाइट असते आणि तिला घाम येत नाही. धापा टाकून, श्वासावाटे ओलावा बाहेर टाकूनच ती अंग थंड करते. कोंडलेल्या दमट हवेत हा उपाय चालत नाही. थंडीचे मात्र तिला आपल्याइतके भय नाही, कारण पिसांचे पांघरूण तिच्याजवळ आहे. तात्पर्य, आपल्या हवामानात खुराड्याला जाड भिंतींची गरज नसून वाहत्या हवेची गरज आहे. आणि हवा फुकट मिळते. खर्च वाचविण्याची पहिली जागा ही.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. सहा कोंबड्यांचा हिशेब धरू. रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीस दोन चौरस फूट जागा पुरते, म्हणजे ४ फूट लांब व ३ फूट रुंद असे खुराडे झाले. ते जमिनीपासून दोन फूट उंच, चार पायांवर उभे करावे. त्यामुळे पावसाचे पाणी व ओल आत येत नाही, घुशींना बीळ करून आत शिरता येत नाही आणि खाली कोंबड्यांना दुपारची सावली मिळते. पाय जमिनीत पुरावयाचे असल्यास पुरावयाच्या भागास डांबर लावावे. लांब बाजू उत्तर व दक्षिण दिशांना ठेवाव्या आणि पूर्व-पश्चिमेच्या आखूड बाजू फळ्यांनी बंद कराव्या, म्हणजे सकाळचे व उतरतीचे ऊन थेट आत येत नाही. दोन्ही लांब बाजूंना छपराखालचा वरचा एक फूट भाग फळी न मारता जाळीने बंद करावा. गरम हवा वर चढते व तेथून निघून जाते.

छपराला जुनी मंगलोरी कौले मिळाली तर उत्तम. पत्राच असेल तर त्यावर चुन्याची सफेदी द्यावी, किंवा उन्हाळ्यापुरत्या नारळाच्या झावळ्या अथवा गवताच्या पेंढ्या टाकाव्यात. उतार मागील बाजूस ठेवावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी कोंबड्यांच्या अंगणात पडणार नाही. वळचण मात्र दीड फूट तरी बाहेर काढावी. कोकणात पावसाची झड थांबत नाही, तेथे पावसाच्या दिशेला गोणपाटाचा पडदा सोडावा. तोही वरची हवा न अडविता.

आत एक आडवी दांडी हवी. आपल्या पाळीव कोंबडीचा पूर्वज जो लाल रानकोंबडा, तो रात्री झाडाच्या फांदीवर झोपतो. ती खोड कोंबडीच्या पायात अजून शिल्लक आहे. दर कोंबडीस आठ इंच धरले तर सहांना चार फुटांची एक दांडी पुरते. ती दोन इंच जाडीची असावी, कडा रंध्याने गोल कराव्यात आणि जमिनीपासून दीड फुटावर बसवावी. अंडी घालण्यासाठी फूटभर लांब, रुंद व उंच अशा दोन पेट्या पुरतात. त्या दांडीपेक्षा खाली असाव्यात. पेट्या उंच झाल्या की कोंबड्या तेथेच झोपतात आणि अंडी घाणीने माखतात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. कोंबडा पिलांसाठी लागतो. पहाटे तीनला शेजाऱ्यांना उठवून त्यांच्याशी वैर घेण्याचे कारण नाही.

खुराड्याच्या तळाशी भाताच्या तुसाची, भुईमुगाच्या टरफलांची किंवा सुताराकडच्या रंध्याच्या छिलक्यांची तीन इंच गादी करावी. ती दोन-चार दिवसांनी काठीने हलवावी. मूठभर गादी हातात दाबून पाहावी. मूठ उघडताच ती सुटी झाली तर ठीक. लाडवासारखी राहिली तर ओल वाढली आहे असे समजून ती बदलावी. दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला तर कोंबड्या रात्रभर तोच वास घेत आहेत, हे ध्यानात ठेवावे. काढलेली गादी वाया जात नाही. काही महिने कुजवून ती भाजीच्या वाफ्यांना घालता येते.

दिवसाच्या अंगणासाठी दर कोंबडीस दहा चौरस फूट धरावेत, म्हणजे १० फूट लांब व ६ फूट रुंद जागा. उंची माणूस उभा राहून झाडू शकेल इतकी असावी. वाकून झाडावे लागणारी जागा आठ दिवसांनी कोणी झाडीत नाही, हा आमचा अनुभव आहे. खांबांना बांबू चालतात. जुन्या खिडक्यांच्या गजांच्या चौकटी आणि मोडक्या लोखंडी पलंगाची पट्ट्यांची चौकट आम्ही दारासाठी वापरली आहे. जमिनीवर मुरूम पसरून त्यावर वाळलेला पालापाचोळा टाकावा. नुसत्या काळ्या मातीचा पावसात चिखल होतो आणि चिखल हे रोगाचे घर आहे. एका कोपऱ्यात कोरडी माती व थोडी राख ठेवावी. कोंबड्या तीत लोळून अंगावरच्या उवा झाडून टाकतात.

आता जेथे पैसा वाचवू नये ती जागा. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून षट्कोनी घरांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही, कारण कुत्र्याच्या दाताने ती फाटते. निदान रात्रीच्या खुराड्याला आणि अंगणाच्या खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंच घरांची, वेल्ड केलेली जाळी लावावी. जाळी जमिनीशी संपवू नये. तिचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूस वळवून जमिनीवर आडवा पसरावा व त्यावर माती व दगड टाकावेत. खणणारे जनावर कुंपणाच्या अगदी बुडाशी खणू लागते. तेथे पायाखालीच जाळी लागली की ते सहसा नाद सोडते. अंगणावर वरूनही जाळी हवी. घार, कावळे आणि मांजर यांना दार लागत नाही. खुराड्याच्या दाराला मात्र नुसता आकडा पुरत नाही. खाली एक व वर एक अशा दोन कड्या असाव्यात.

जुने लाकूड वापरताना एक काळजी घ्यावी. त्याच्या भेगांत गोचिडी दिवसा लपून राहतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. भेगा बुजवून वर्षातून दोनदा चुना द्यावा. खुराड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपल्या जाळीच्या कपाटाची जुनी युक्ती येथे मुंग्यांवर उपयोगी पडते.

खुराडे कितीही चांगले असले तरी काही रोगांना ते अडवू शकत नाही. राणीखेत रोग हे त्याचे मोठे उदाहरण. कुमाऊंमधील राणीखेत गावावरून हे नाव पडले. त्यावर लस आहे आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्यावी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली साथ आढळली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हापासून रानपक्ष्यांना दाणापाण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवणे ही परसातल्या कोंबडीवाल्याचीही जबाबदारी झाली आहे. म्हणून ती भांडी छपराखालीच ठेवावीत. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या पुरून गप्प बसू नये, दवाखान्यास कळवावे. तसेच काम आरंभण्यापूर्वी नगरपालिकेचे नियम पाहावेत आणि शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत.

यातून कोणी श्रीमंत होणार नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, सुधारित जात त्याहून पुष्कळ अधिक. परंतु घरच्या शिळ्या भाताचे, भाजीच्या देठांचे अंडे होते आणि मुलांना ते कोठून येते हे डोळ्यांनी दिसते, हा लाभ लहान नाही.

आमच्या उरलेल्या दोन कोंबड्यांसाठी आम्ही त्याच महिन्यात जाळीचे अंगण केले. ते मुंगूस पुढेही कधी कधी येई, जाळीभोवती एक फेरी मारी आणि निघून जाई. लग्नाकार्याला आम्ही त्यानंतरही पुष्कळ गेलो. जाताना अंगणातील सावली पाहतो, पाण्याची दोन भांडी भरतो, आणि खुराड्याचे दार दिवसा उघडेच ठेवतो. सायंकाळी ते लावताना मात्र कोंबड्या मोजून मगच कड्या घालतो.