रुग्णालयातल्या माणसांचे हृदय

रुग्णालयात काम करणारी माणसे स्वतःच्या प्रकृतीला जपत असतील, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इतरांचा रक्तदाब पाळीभर मोजणाऱ्या सिस्टरला स्वतःचा शेवटचा कधी मोजला, हे पुष्कळदा आठवावे लागते. मावशी, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर यांचीही तीच गत.

त्यातून काम पाळ्यांचे. रात्रीच्या झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि हृदयाला विसावा मिळतो. रात्रपाळीत ही घडी विस्कटते. जेवण टळते, मग अवेळी वडापाव आणि चहा. जागे राहण्यासाठी कुणी तंबाखूची चिमूट धरतो. अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास १९७६ पासून चालू आहे. वर्षानुवर्षे फिरती रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे जास्त असल्याचे त्यात आढळले.

'मी तर सडपातळ, मला काय होणार?' असे कुणी म्हणेल. याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा 'बीएमआय' दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून वजनकाट्याच्या जोडीला मोजपट्टी हवी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी.

हे तरुणपणीच पाहायचे. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. ५३ व्या वर्षी मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते बहुधा चालूच असतात.

उपाय हाताशी आहेत. वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबर यांची नोंद ठेवावी. रक्तदाब घाईत मोजू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजावा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर आला, तर मित्र-डॉक्टरला जाता-जाता विचारण्यावर न भागवता रीतसर केसपेपर काढावा. तंबाखू सोडावी, रात्रपाळीला घरचा डबा न्यावा. रुग्णालयांनीही रात्रपाळ्या लागोपाठ न लावता मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी.

आणि कामावर असताना छातीत दडपण, घाम, डाव्या हातात कळ असे काही जाणवले, तर पाळी संपायची वाट पाहू नये. ईसीजीचे यंत्र तिथेच असते.