घास भरवणाऱ्या हातांची पात्रता

इंग्लंडमध्ये सोशल वर्कर व्हायचे तर पदवी लागते, आणि 'सोशल वर्क इंग्लंड' या नियामक संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय ते पद लावताच येत नाही. त्याच व्यवस्थेत अर्धांगवायू झालेल्या माणसाला अंघोळ घालणाऱ्या, त्याची कूस बदलणाऱ्या, त्याला घास भरवणाऱ्या केअररकडून मात्र कायदा ना पदविका मागतो ना नोंदणी. वृद्ध, अपंग आणि दीर्घ आजारी प्रौढांची देखभाल हा तिथे सुमारे पंधरा लाख लोकांचा रोजगार आहे. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम नाहीत असे मुळीच नाही, आणि जे आहेत ते चांगले आहेत. पण शिकलेले जोवर शिकणाऱ्याच्या नावावर जमा होत नाही आणि त्याच्या पगारात दिसत नाही, तोवर नवे अभ्यासक्रम काढून फारसे साधणार नाही, असे माझे मत आहे.

स्टॅफर्ड रुग्णालयातील हेळसांडीवरचा फ्रान्सिस अहवाल २०१३ साली आला. पाठोपाठ पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी रुग्णालयांत आणि देखभाल सेवांत काम करणाऱ्या, नर्स नसलेल्या मदतनिसांच्या प्रशिक्षणाची पाहणी केली. एका ठिकाणी नीट शिकवले जाई, तर दुसरीकडे नवख्या माणसाला जुजबी तयारीवर कामाला जुंपले जाई. त्यातून एप्रिल २०१५मध्ये 'केअर सर्टिफिकेट' सुरू झाले. त्यात पंधरा मानके होती: माणसाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा, खाणेपिणे, संसर्ग रोखणे, डिमेन्शियाची समज, छळ ओळखून तक्रार करणे, जीव वाचवण्याचे प्रथमोपचार. त्यापुढे लेव्हल २ आणि ३चे डिप्लोमा, व्यवस्थापकांसाठी लेव्हल ५, आणि पगार घेत शिकण्यासाठी अप्रेंटिसशिप. शाळेत मागे पडलेल्यांनाही या वाटेने जाता येते, कारण बरेचसे मूल्यमापन प्रत्यक्ष काम करताना पाहून होते. ही त्या रचनेची सर्वांत मोलाची बाजू आहे. अडचण वेगळीच होती. केअर सर्टिफिकेट मालकानेच द्यायचे, बाहेरची कोणतीही परीक्षासंस्था त्यावर शिक्का मारत नसे. त्यामुळे नोकरी बदलली की नवा मालक अनेकदा तेच धडे पुन्हा गिरवायला लावी. २०२४मध्ये याच मानकांवर आधारलेली, मान्यताप्राप्त लेव्हल २ पात्रता आली आणि ती नव्या नोकरीतही सोबत नेता येते. पण ती ऐच्छिक आहे. 'स्किल्स फॉर केअर' या संस्थेच्या आकडेवारीनुसार थेट देखभाल करणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांकडे या कामाची औपचारिक पात्रता नाही.

देखभालीला माया लागते, कागद नव्हे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मायेशिवाय हे काम होत नाही हे खरेच. पण गिळताना त्रास होणाऱ्या माणसाला कसे बसवायचे, पातळ पदार्थ किती दाट करायचा, बेडसोरची पहिली लाली कशी ओळखायची, हे मायेने कळत नाही. ऑलिव्हर मॅकगोवन हा ऑटिझम आणि सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला तरुण २०१६ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, रुग्णालयात दगावला. त्याची आणि आईवडिलांची हरकत असताना त्याला अँटिसायकोटिक औषध देण्यात आले होते. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यामुळे २०२२च्या कायद्याने आरोग्य आणि देखभाल सेवांतील कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता या विषयांचे प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. म्हणजे ठरवले तर कायदा सक्ती करू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधीच माणसे मिळत नाहीत, त्यात पात्रतेची अट घातली तर येणारेही येणार नाहीत. २०२१-२२मध्ये या क्षेत्रातील दर दहांपैकी एकाहून अधिक जागा रिकाम्या होत्या. म्हणून फेब्रुवारी २०२२पासून केअररना व्हिसा खुला झाला आणि भारतातूनही माणसे मोठ्या संख्येने गेली. जुलै २०२५मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. पण पात्रतेची अट कामावर येण्याआधीच घातली पाहिजे असे कुठे आहे? स्कॉटलंडमध्ये केअरर आधी रुजू होतो, नोंदणी करतो आणि ठरलेल्या मुदतीत पात्रता मिळवतो. वेल्समध्ये घरी जाऊन देखभाल करणाऱ्यांना २०२०पासून आणि प्रौढांच्या केअर होममधल्यांना २०२२पासून नोंदणी सक्तीची आहे. तिथेही माणसांची टंचाई आहे, तरी दोन्ही देशांनी ही अट सोडलेली नाही. शिवाय ज्यांना प्रशिक्षण मिळते ते नोकरी कमी सोडतात, हे इंग्लंडचीच आकडेवारी सांगते.

खर्चाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. देखभालीचे बरेच पैसे स्थानिक परिषदा देतात आणि त्यांची तिजोरी आटलेली आहे. अनुभवी केअरर आणि नवखा यांच्या तासाच्या मजुरीत सरासरी काही पेन्सांचाच फरक उरला आहे. अशा ठिकाणी संध्याकाळी घरी जाऊन डिप्लोमाचा अभ्यास कोण करेल, आणि का? आता एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्यात प्रौढांच्या देखभालीसाठी वेतन ठरवणाऱ्या वाटाघाटींची तरतूद झाली आहे. त्या वाटाघाटींत सगळ्यांना सरसकट वाढ देऊन थांबू नये. लेव्हल २ला एक दर, लेव्हल ३ला त्याहून वरचा, डिमेन्शियाचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्याला आणखी वरचा, असे दर लेखी ठरावेत आणि परिषदा सेवांसाठी जे पैसे मोजतात त्यातच ते धरले जावेत.