उडी आणि उतरणे

उडी मारणारा किती उंच गेला हे सारेच पाहतात. तो खाली कसा आला याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु गुडघ्यांचे बरेवाईट ठरते ते खाली येतानाच.

बळ आणि चपळाई या निराळ्या गोष्टी होत. शंभर बैठका काढणारा बलवान खरा. पण तेच बळ क्षणार्धात प्रकट करता येणे ही वेगळी शक्ती आहे. वय वाढू लागले की बळाच्या आधी ती ओसरते. पाय घसरताच आपण तोल सावरतो तो तिच्याच आधारावर. म्हणून ती केवळ खेळाडूंनी कमवावी असे नाही.

उडीपूर्वी आपण किंचित खाली बसतो. त्या वेळी मांडीचे व पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची शीर ताणली जाते, आणि तो ताण सुटताना उसळी मिळते. या तत्त्वावर सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी 1960 च्या दशकात उंचवट्यावरून उतरून तत्क्षणी उसळण्याचा व्यायाम पद्धतशीर रीतीने मांडला. तो मुरलेल्या खेळाडूंसाठी होता. नवशिक्याने त्याचे अनुकरण केले, तर गुडघेदुखी पदरी येण्याचा संभव असतो. साध्या धावण्यातही प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर येतो. उंचावरून उतरताना तो आणखी वाढतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या शिरांना महिने लागतात. आणि सांध्यातील कूर्चेला तर रक्तवाहिन्याच नसतात. स्नायूंच्या भरवशावर माणूस पुढे धावतो आणि सांधे मागे राहतात.

आपल्या जुन्या तालमींतून हे अनुभवाने ओळखलेले होते. आधी जोर-बैठका, मग कुस्ती. आणि हौद्यातील माती उकरून, तेल-ताक घालून मऊ राखलेली.

तोच क्रम आपणही धरावा. पहिले काही आठवडे सावकाश बैठका काढाव्यात आणि वीतभर उंचीच्या पायरीवरून नुसते उतरण्याचा सराव करावा. आधी चवडे टेकावेत, मग टाचा. गुडघे व कंबर वाकू द्यावी. गुडघे पायांच्या बोटांच्या रेषेत असावेत, आत वळू नयेत. मग जागच्या जागी उड्या घ्याव्यात: एका वेळी पाच, अशा तीन खेपा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. जागा मातीची किंवा हिरवळीची असावी. धावण्यासाठी सौम्य चढ निवडावा. चढावर पाऊल कमी उंचीवरून पडते व धक्का सौम्य होतो. अंग तापवून वीस-तीस पावले धावावे, आरंभी वेग पाऊणच ठेवावा, आणि चालत खाली यावे. हे आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून करावे. ज्यांचे गुडघे आधीच दुखावलेले आहेत त्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून उड्या घेऊ नयेत.

परीक्षा कानांनी करावी. उतरताना धप्प आवाज झाला, तर धक्का सांध्यांनी सोसला. मांजरासारखे नि:शब्द उतरलात, तर तो स्नायूंनी झेलला. आवाज वाढू लागला की स्नायू थकले असे समजावे आणि उड्या बाकी असल्या तरी त्या दिवशी तेथेच थांबावे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चिंता नको. गुडघा सुजला किंवा टोचू लागला, तर मात्र तो बरा होईपर्यंत उड्या बंद ठेवाव्यात.